मागच्या पंखाखालची पाचर

माझ्या बायकोच्या डाव्या नडगीवर चार बोटं लांबीचा पांढरा व्रण आहे. कुणी विचारलं की ती सांगायची, "माझा तोल गेला." तीन वर्षं ती हेच सांगत होती आणि मी शेजारी बसून चहा पीत ऐकत होतो. तोल घालवला होता मी. दीड मिलिमीटर जाडीची एक पट्टी त्यासाठी मला पुरली.

सुरुवात मेव्हण्यापासून करावी लागेल. बायकोचं माहेर गडहिंग्लजचं. तिचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की गोव्याच्या किनाऱ्यावर पडीक असतो. तिथं त्याला विंडफॉइलचं वेड लागलं. एका उन्हाळ्यात गाडीच्या टपावर भलंमोठं गाठोडं बांधून तो कोल्हापुरात आमच्या दारात उभा राहिला.

"दाजी, मी आता नऊ महिने दर्यावर. हे गडहिंग्लजला ठेवलं तर बाबा त्याच्यावर मिरच्या वाळत घालतील. तुमच्याकडं राहू दे. आणि नुसतं ठेवू नका, वापरा."

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक रुंद फळी आणि तिच्यावर उभं शीड, इथवर ते नेहमीचंच. पण फळीच्या पोटाला खाली कमरेइतका लांब अॅल्युमिनियमचा दांडा असतो आणि त्याच्या टोकाला एक लहानसं विमानच जोडलेलं असतं, पुढं मोठा पंख, मागं छोटा. शिडात वारा भरून वेग आला की पाण्याखालचा पुढचा पंख उचल घेतो आणि फळी पाण्यातून वर येते. पंख पाण्यात, माणूस हवेत. नाक वर उठलं तर पुढच्या पायावर भार द्यायचा, बसायला लागलं तर तो सैल करायचा. पण निम्मा तोल पाय ठेवण्याआधीच ठरलेला असतो. शिडाची काठी फळीवरच्या खाचेत पुढं बसवली की नाक खाली राहतं, मागं सरकवली की फळी चटकन उठते. मागच्या पंखाखाली पाचरीसारखी पट्टी घातली की आणखी उठते. जड माणसाची बसवणी वेगळी, हलक्याची वेगळी. मेव्हण्याने खाचेवर पांढऱ्या रंगाने दोन खुणाच करून दिल्या होत्या. एक बहिणीसाठी, एक माझ्यासाठी. तिचं वजन बावन्न किलो, माझं ब्याण्णव.

तिच्यासाठी खूण केली तेव्हा मी हसलो होतो. कारण आमच्या बायकोला तोल नाही, हे दोन्ही घरांत सर्वमान्य होतं. लहानपणी सायकलवरून पडून हात मोडला, तेव्हा आईवडिलांनी जो शिक्का मारला तो कायमचा. कोल्हापुरात जिथं सत्तरीच्या आज्या नऊवारीत स्कूटर हाणतात, तिथं ही गणिताची शिक्षिका बसने शाळेत जायची, नाहीतर माझ्या गाडीवर मागे. मी कुरकुरायचो, "तुझा ड्रायव्हर केलायस मला." आतून मात्र मला ते आवडायचं. हे कबूल करायला मला पन्नाशी उजाडावी लागली.

गारगोटीच्या बाजूला एका धरणाचं पाणी आहे. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर डोंगरातून पश्चिमेचा वारा असा सुटतो की काठावरच्या म्हशीसुद्धा पाठ फिरवतात. मेव्हण्याने पहिले तीन रविवार आम्हाला तिथं शिकवलं आणि तो जहाजावर गेला. पुढं आम्ही दोघंच जायला लागलो. अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, आणि काठावर प्रेक्षक एकच. म्हशी राखणारे एक म्हातारे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पावणं, ह्ये काय हाय? इमान बुडालंय काय?"

मी काही जमेना म्हणून सोडणारा माणूस नाही. उद्यमनगरात माझं लहानसं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. तिथं आमचा सगळ्यांचाच एक माज असतो. जगात कुठंही काहीही बनो, आम्हाला एक नमुना द्या, आम्ही त्याच्यापेक्षा बरं करून देतो. तो माज घेऊन मी पाण्यात उतरलो. पाय रोवले, कंबर खाली घेतली, शिडाची आडवी दांडी आवळून धरली आणि आडवा झालो. परत चढलो, परत आडवा. मेव्हणा जाताना सांगून गेला होता, "दाजी, दाबू नका त्याला. नुसतं उभं रहा." नुसतं उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही.

बायको चौथ्या रविवारी उठली.

मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. ती वाऱ्याला आडवी निघाली, फळीखाली पाणी थपथप वाजत होतं आणि अचानक ते वाजायचं थांबलं. फळी पाण्याच्या वर हातभर आली. पन्नास-साठ पावलं ती तशीच गेली, मग अलगद खाली बसली. परत येऊन तिनं शीड पाण्यात टाकलं आणि ओरडली, "अहो, आवाजच बंद झाला की एकदम! मी उडालो!" आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पण तिचं ते 'उडालो' मी आजही जसंच्या तसं ऐकू शकतो. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "आता स्कूटर शिकतो मी. झालं की. एवढं जमलं तर ते काय." दुसऱ्याच दिवशी तिनं क्लासमध्ये नाव घातलं.

मला आनंद झाला होता का? झाला होता. पण तो आठवडाभरसुद्धा टिकला नाही. ती दर रविवारी आणखी लांब जाऊ लागली आणि मी काठाजवळ पाणी गिळत राहिलो. म्हातारेबाबा एकदा माझ्यादेखत म्हणाले, "त्यास्नी जमतंय की. तुमास्नी न्हाय जमत." कुणाच्या तरी बारशात चुलतभावाने चारचौघांत विचारलं, "वहिनी उडतात म्हणं, आणि तुम्ही काय हवा भरता काय?" सगळे हसले, तीही हसली, मीही हसलो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग मी माझ्या पद्धतीने इलाज शोधला. फळी ब्याण्णव किलोला उठत नाही ना, मग तिला उठवायची. मागच्या पंखाचं मोजमाप घेतलं आणि मिलिंगवर अॅल्युमिनियमची एक पाचर काढली, एका बाजूला दीड मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला शून्य. इतकी सफाईदार की कारखान्यातूनच आली असं वाटावं. एका शनिवारी दुपारी बायको पेपर तपासायला शाळेत अडकली असताना एकटाच धरणावर गेलो. पाचर बसवली, शिडाची काठी माझ्या खुणेच्याही मागं दोन बोटं सरकवली आणि मी उठलो. दहा-पंधरा सेकंद असेन, पण उठलो. बघायला कुणी नव्हतं. म्हातारेबाबाही नेमके त्या दिवशी आले नव्हते. घरी मी काहीच बोललो नाही. पाचर घालून उठलो हे सांगायची लाज वाटली, आणि नुसतं 'उठलो' सांगितलं असतं तर तिनं लगेच करून दाखवा म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वारा शनिवारपेक्षा बराच होता. पोचल्या पोचल्या ती म्हणाली, "मी जातो आधी." फळी उलटी करून पाण्यात न्यावी लागते, पंख वर. ते काम माझं, बसवणीही माझीच; ती खुणा कधी तपासायची नाही. मी ती उचलायला वाकलो तेव्हा मागच्या पंखाखाली पाचरीची कड उन्हात चमकली.

मला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. पाचर आत आहे, काठी मागं आहे, आणि बावन्न किलोची बाई या वाऱ्यात याच्यावर उभी राहणार आहे. दोन बोल्ट सैल करायचे, पाचर काढायची, काठी तिच्या पांढऱ्या खुणेवर आणायची. पाच मिनिटांचं काम. किल्ली माझ्या खिशात होती.

मी फळी सुलटी करून पाण्यात ठेवली आणि तिला शीड जोडून दिलं.

त्या वेळी मी मनाला काय सांगितलं तेही लिहितो. तिला येतंय, ती सांभाळून घेईल, असं सांगितलं. ते खोटं होतं. त्याच्या खाली दुसरं एक वाक्य होतं आणि तेच खरं होतं. पडू दे की एकदा.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मशीनची बसवणी बदलली तर पुढच्या पाळीच्या माणसाला सांगितल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. निदान खडूने तरी लिहून ठेवायचं. हा नियम मोडला म्हणून मी एका जुन्या कारागिराला सगळ्यांसमोर असा झापला होता की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. त्याच्या हातून तर फक्त लेथवरचा एक जॉब बिघडला होता.

ती निघाली. वीस-पंचवीस पावलंच गेली असेल. फळी नेहमीसारखी हळू उठलीच नाही. नाक एकदम आभाळाकडं गेलं, सगळे पंख पाण्याबाहेर आले आणि ती शिडाच्या पलीकडं फेकली गेली. फळी तिच्यावर पडली. मी चपला, घड्याळ, खिशातला मोबाइल, सगळ्यासकट पाण्यात धावलो. कसा पोचलो माहीत नाही. तिला धरून वर घेतलं तेव्हा पाणी आमच्याभोवती लाल होत होतं. पंखाची कड नडगीत शिरली होती.

गाडीत तिनं टॉवेल दाबून धरला होता. दात चावत होती, पण रडली नाही. वाटेत म्हणाली, "माझंच चुकलं. पुढचा पाय हलका पडला बघा."

मी म्हणालो, "होतं असं."

गावातल्या डॉक्टरांनी सात टाके घातले. हाड बचावलं. माझ्या त्या 'होतं असं'चं मात्र काय करायचं हे मला तीन वर्षं कळलं नाही. त्याच दिवशी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आठ दिवस अबोला झाला असता आणि संपलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं. महिन्याने अशक्य झालं.

टाके निघाल्यावर तिनं स्कूटरच्या क्लासला फोन करून नाव काढून टाकलं. "नको ओ. माझ्यात तोलच न्हाय. उगाच कुणाच्या तरी अंगावर घालायची गाडी." इतक्या सहज म्हणाली की त्यात दुःखसुद्धा नव्हतं. चार रविवार एक गैरसमज झाला होता, तो दूर झाला, असं तिचं म्हणणं. पुढच्या वर्षी तिची बदली गडमुडशिंगीच्या शाळेत झाली. इतर शिक्षिका पंधरा-वीस मिनिटांत गाडीवर पोचायच्या. ही दोन बस बदलून तासभर आधी निघायची. मी सोडतो म्हटलं तर म्हणायची, "तुम्हाला काम असतं." पावसात भिजून आली की मी टॉवेल पुढं करायचो आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्यायचो. त्या शिव्यांचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

सगळं सामान वर्कशॉपच्या माळ्यावर होतं, दुसऱ्या दिवशी परत जाऊन मी घाईने बांधून आणलं होतं तसंच. एकदा पाचर काढून टाकायला म्हणून वर चढलो. पुरावाच नको. पिशवीच्या चेनला हात लावला आणि उतरलो. तेवढाही नीच मला होता आलं नाही, किंवा तेवढंही धैर्य झालं नाही, काय ते मला अजून ठरवता येत नाही. मेव्हणा मधे दोनदा सुट्टीवर येऊन गेला, पण आक्काला नको ती आठवण म्हणून त्याने विषय काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो सामान परत न्यायला आला. आमच्या दारातच त्याने पिशवी उघडली आणि एकेक भाग फरशीवर मांडू लागला. बायको चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. त्याचा हात मागच्या पंखावर थांबला.

"दाजी, ही पट्टी कुणी घातली? आणि काठीचा पाया एवढा मागं कसा?" मग तो बहिणीकडं वळला. "आक्का, तू ह्याच्यावर गेलतीस? अगं, ह्या बसवणीवर हत्ती उठंल की."

दोघंही माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "मी घातलेली. माझ्या वजनासाठी. काढायची विसरलो."

बायकोने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पायरीवर बसली. "म्हणजे माझा पाय बरोबर होता?" तिनं भावाला विचारलं. पुन्हा विचारलं. गणिताची बाई, मग पाचरीचा कोन विचारला, पंखांमधलं अंतर विचारलं, बोटाने फरशीवर काहीतरी काढलं. "तरीच. मी विचार करून करून दमलो होतो. पुढचा पाय मी दाबला होता. मला आठवत होतं, दाबला होता." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता. पण ती म्हणाली, "आणि तुम्ही तीन वर्षं मनात ठेवून बसला? भ्याला होता होय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"काय माणूस हाय बघ," ती भावाला म्हणाली. "सांगायचं की. चूक कुणाकडनं होत न्हाय?"

मी माफी मागायच्या आतच तिनं मला माफ करून टाकलं होतं, आणि तेही भलत्याच गुन्ह्यासाठी.

त्याच रविवारी आम्ही तिघं धरणावर गेलो. मेव्हण्याने पाचर काढली, काठी तिच्या खुणेवर आणली. पहिले दोनदा ती पडली. तिसऱ्यांदा उठली आणि पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. मेव्हणा नाचायला लागला. सामान त्याने नेलंच नाही, म्हणाला, "हे आता आक्काचं." नातेवाइकांत तिनं हा किस्सा रंगवून रंगवून सांगितला. प्रत्येक वेळी शेवट हाच, "ह्यांनी स्वतः कबूल केलं बरं का." चार माणसं माझ्याकडं कौतुकाने बघायची. ते कौतुक मी गिळायचो. 

आणखी दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ती पाण्यातून येऊन काठावर केस पिळत उभी होती आणि म्हातारेबाबांनी विचारलं, "बाई, मागं पायाला लागलेलं, ते कशानं ओ?" तिनं पुन्हा सगळं सांगितलं. पाचर, विसरणं, कबुली. शेवटी म्हणाली, "दुसरा कुणी असता तर दाबून टाकलं असतं, बाबा."

म्हातारे म्हशी वळवायला गेले. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "मी विसरलो नव्हतो."

ती केस पिळायची थांबली.

"तू पाण्यात उतरत होतीस तेव्हा मला पाचर दिसली. किल्ली खिशात होती. मी मुद्दाम गप्प बसलो."

"का?"

"तुला येत होतं. मला येत नव्हतं."

तिनं आरडाओरडा करावा असं मला फार वाटत होतं. आमच्याकडं माणसं ओरडतात, मोकळी होतात, मग जेवायला बसतात. तिनं उरलेले केस पिळून मागं टाकले. मग तिच्या वर्गातल्या आवाजात, सावकाश, म्हणाली, "मी पडल्यावर तुम्ही चपलांसकट पळत आला होता. टाके घालताना मी डोळे मिटून तेच आठवत होतो. एवढी वर्षं तेच आठवून मला बरं वाटायचं."

"ते खरं होतं," मी म्हणालो.

"असंल," ती म्हणाली.

मग ती उठली. माझ्यापुढं हात केला आणि किल्ली मागितली. फळी उलटी केली, एकेक बोल्ट कसून बघितला, मागच्या पंखाखालून बोट फिरवलं, वाकून काठीची खूण पाहिली आणि पाण्यात गेली.

अजूनही आम्ही वारा असेल त्या रविवारी जातो. घरी सगळं नेहमीसारखं आहे, ती बोलते, हसते, माझ्या डब्यात आठवणीने लोणचं घालते. धरणावर बसवणी मीच करतो. माझं काम झालं की ती किल्ली मागून घेते आणि माझ्यासमोर सगळे बोल्ट पहिल्यापासून तपासते. तिचं होईपर्यंत मी फळी धरून उभा राहतो.